केराबाईचं रीळ

काळं भांडं दिसलं की केराबाईचे हात शिवशिवायचे. तिला तो आजारच होता म्हणा ना. निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला, आज या माळावर तर उद्या त्या ओढ्याला. पण तीन दगडांच्या चुलीपाशी तिची परात अशी लखलखायची, की वाटेनं जाणाऱ्या बायका थांबून विचारायच्या, काय लावतेस गं बाई? लावायची काय, चिंच आणि राख. बाकी सगळी मनगटाची करामत.

त्यामुळं त्या बुधवारी तिचा नवरा सिदू साहेबाची पत्र्याची पेटी छपरात घेऊन आला आणि म्हणाला, "सायब सांगून गेल्यात, आतलं समदं साफ करून ठिव," तेव्हा पुढं काय होणार ते जवळजवळ ठरूनच गेलं होतं.

हा वॉर्डसाहेब पाटबंधाऱ्याचा इंजिनेर. दर रविवारी सोलापुरातनं फटफटीवर बसून हिप्परग्याच्या तलावावर मासे धरायला यायचा. त्याची मासे धरायची तऱ्हा बघून गावातले भोई पोट धरून हसायचे. गांडूळ नाही, कणकेचा गोळा नाही. गळाला लावायला पिसांची खोटी माशी! आणि ती माशी बांधायला पिसं कुणाची, तर केराबाईच्या कोंबड्याच्या मानेची. चिमूटभर पिसांना साहेब एक आणा द्यायचा. दिवाळीपासून त्या बिचाऱ्या कोंबड्याची मान निम्मी उघडी पडली होती, आणि फटफटीचा आवाज कानावर आला की तो बाभळीवर चढून बसायचा.

सिदू साहेबाच्या मागं जाळी धरून उभा राहायचा. तलावावर त्याला दीड वर्ष झालं होतं, पण सगळं रोजंदारीवर. आता महिनाअखेर साहेबाची बदली होती, आणि जाण्याआधी तो तलावाचा कायमचा राखणदार नेमणार होता. कागदावर तीन नावं होती, त्यांतलं एक सिदूचं. सही तेवढी राहिली होती. सही झाली तर दरमहा पगार आणि बंधाऱ्याखालची दगडी खोली. नाही झाली तर पुन्हा थोरल्या भावाची मेंढरं, आणि पुन्हा माळ.

केराबाईची दोन बाळंतपणं माळावर झाली होती. दोन्ही लेकरं राहिली नाहीत; एक थंडीनं गेलं, एक पावसानं. आता तिला पाचवा महिना लागला होता. पगाराचं तिला फारसं काही नव्हतं. तिला चार भिंती हव्या होत्या, दगडाच्या.

तर, पेटी उघडली. आत साहेबाच्या काठीला लावायचं रीळ होतं. वाटीएवढं, पितळेचं, त्याला एक चाक, चाकाला मूठ, आणि त्यावर गुंडाळायची दोरी वेगळी काढून ठेवलेली. केराबाईनं ते हातात घेतलं मात्र, तिला साहेबाची कीवच आली. एवढा मोठा माणूस आणि वस्तू बघा, काजळी धरल्यासारखी काळीकुट्ट! घरात बाईमाणूस नसलं की असं व्हायचंच.

तिनं चिंच भिजवली. चुलीतली राख चाळून घेतली. काथ्या घेतला आणि बसली. दुपार कलेपर्यंत त्या रिळावर काळेपणाचा ठिपका राहिला नाही. देव्हाऱ्यात ठेवावं असं झळझळीत झालं. सिदू आला तर बघतच राहिला.

"आरारा! सोन्याचं केलंस की गं!"

"सायब बगंल तवा खूश हुईल का न्हाय?"

"खूश? आगं, बसल्या जागी सई करंल!"

बायकोचा असा अभिमान सिदूला आला, की तो ते रीळ घेऊन थेट तलावाकाठच्या सरकारी बंगल्यावर गेला, हरिबाला दाखवायला. हरिबा बंगल्यावरचा म्हातारा स्वयंपाकी. तीस वर्षं साहेबलोकांना रांधून घालण्यात गेलेली. त्यानं रीळ बघितलं आणि हातातला कांदा खाली ठेवला.

"सिदू, कुणी केलं रं हे?"

"केरानं. का वो मामा?"

"आरं गाढवा, त्यो काळा रंग विलायतंत मुद्दाम चढवून आनत्यात! उनात चमकाया लागलं की मासा दोन काठ्या लांब पळतुया. काळं हुतं म्हनून तर त्याची किंमत हुती!" मग त्यानं मूठ फिरवली. आतून जात्यात खडा आल्यासारखा कर्रर्र आवाज आला. "आनि राख आत गेलीया. झालं, कल्याण झालं."

सिदू धावतच परत आला आणि हरिबाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. केराबाईनं सगळं ऐकून घेतलं. आत करडईचं तेल सोडून बघितलं, तर राखेचा चिखल झाला आणि आवाज आणखी वाढला. मग ती चुलीपाशी बसली. आपल्या हातांकडं तिनं असं बघितलं, की जसे काही ते दुसऱ्याच कुणाचे होते. घराला मुकवलं ते या हातांनी, एवढंच तिच्या मनात होतं.

पण चाक फिरवून बघताना तिला एक गोष्ट कळली होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. राखेच्या करकरीखाली आणखी एक आवाज होता, दर फेऱ्याला एकदा, लंगड्या माणसाच्या पावलासारखा. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. रविवारी बंधाऱ्यावर लोकर कातत बसली की पाण्याकडनं तो यायचा. लोकर कातणाऱ्या बाईचा कान तो. टकळीची दांडी वाकडी असली की ती अशीच बोलते. म्हणजे त्या रिळाचा कणा राख लागायच्या आधीपासूनच वाकडा होता.

पण हे साहेबाला कोण सांगणार? आणि ऐकणार कोण?

"सायब ह्या खेपंला शनिवारी सांजच्यालाच येनार," सिदू म्हणाला. "आपून पळून जाऊ या का?"

"पळून कुटं जाताय? मेंढरांमागंच जायाचं, त्याला पळायला कशाला पायजे?" केराबाई पदर खोचत उठली. सिदू भित्रा आहे हे तिला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं. अक्षता पडताना फटाका वाजला तर नवरदेव पाटावरून उठला होता. "सोलापुरात मिळत असंल की रीळ. उद्या पाटं निघायचं."

दोन कोस चालून तुळजापूर वेशीतनं दोघं शहरात शिरली तेव्हा गिरणीचा भोंगा नुकताच वाजला होता. आधी गेली सदर बझारात, साहेबलोकांच्या दुकानी. तिथल्या कारकुनानं काचेमागचं नवंकोरं रीळ दाखवलं आणि किंमत सांगितली चाळीस रुपये. सिदूनं हात जोडले आणि दोघं दुकानाच्या पायऱ्या उतरली. चाळीस रुपयांत चार मेंढ्या आल्या असत्या.

तिथल्याच पट्टेवाल्यानं दया येऊन नव्या पेठेतला शिवलिंगप्पा सांगितला. बदलून जाणाऱ्या साहेबांच्या सामानाचा लिलाव झाला की हा शिवलिंगप्पा उरलंसुरलं उचलायचा. त्याच्या दुकानात कंदील होते, बुटांचे साचे होते, एक हरणाचं डोकंसुद्धा होतं. कपाळाला विभूती लावून तो गादीवर बसला होता, आणि त्याच्या मराठीत मधेच कानडी यायचं.

"रीळ? हौदु, हाय की! बस अक्का, पाणी पी आधी."

त्यानं एक टोपली पुढं ओढली आणि तीन रिळं काढून मांडली. पहिलं चांदीसारखं, मुठीला हस्तिदंत, बारा रुपये. त्याच्याकडं दोघांनी नुसतं पाहिलं. दुसरं काळं, वाटीएवढं, थेट साहेबाच्या रिळासारखं. सिदूच्या तोंडून आनंदानं आवाजच निघाला. तिसरं लहानसं, निस्तेज काळं, मुठीची कड उडालेली.

"हे मोठं पाच रुपये. चारला दीन तुला," शिवलिंगप्पा म्हणाला. "हे बारकं तीन. ते कोण घेत न्हाय, दिसायला बरं न्हाय म्हणून."

सिदू बायकोच्या कानाशी लागला. "केरा, हेच! आगदी तसंच हाय. पेटीत गपचिप ठिवायचं. सायबाला कळनार बी न्हाय."

केराबाईलाही मोह झाला, कशाला खोटं सांगायचं? काळं रीळ काळ्या रिळाच्या जागी. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. कमरेच्या पिशवीत साडेचार रुपये होते. तिनं मोठं रीळ हातात घेतलं, पण हात म्हणाले, थांब.

तिचा बाप मेंढी घेताना शिंगं बघायचा नाही. दात बघायचा, खूर बघायचा, आणि मग मेंढी चालवून बघायचा. केराबाईनं रीळ कानाशी धरलं आणि रिकामं फिरवलं. आवाज सरळ होता. मग चाक अंगठ्यानं दाबलं. ते आत-बाहेर हाललं. तिनं कनवटीची लोकरीची गुंडी काढली आणि सूत चाकावर चढवलं. सावकाश ओढलं तर आलं. मग हिसका दिला. चाक सुटलं ते सुटलंच. हात थांबला तरी फिरत राहिलं, आणि सुताचा हा गुंता! वर एक पदर चाकाच्या बगलेतल्या फटीत शिरून चिमटून बसला.

"बगा," ती म्हणाली. "सूत खातंय हे."

"आगं, पर दिसतंय तर तसंच की!"

"सायब काय रिळाचा फोटू काढनार हाय? पयला मासा वडंल तवा दोरी अडकंल. मग म्हनंल, माझं रीळ मोडलं बी आनि बदललं बी. मग कोन ठिवंल आपल्याला?"

तिनं बारकं उचललं. शिवलिंगप्पा आता गादीवरून पुढं सरकून बघत होता. असं गिऱ्हाईक त्यानं बघितलं नव्हतं. रिकामं फिरवलं, टिकटिक टिकटिक, एकसारखी, कुठं लंगडणं नाही. दाबलं, हाललं नाही. कडेवरनं बोट फिरवलं. खरखर नाही, म्हणजे दोरी कापायची नाही. सूत चढवलं. सावकाश ओढलं, सावकाश आलं. हिसका दिला, तेवढंच आलं, आणि हात थांबला तसं चाकही थांबलं. पुन्हा हिसका दिला. पुन्हा थांबलं. तिला एकदम हलकं वाटलं. या वस्तूत लबाडी नव्हती.

"हे द्या," ती म्हणाली.

"केरा!" सिदू रडायच्या बेतात आला होता. "हे बारकं हाय. सायबाला बगताक्षनी कळंल!"

"कळू द्या. आपूनच सांगू. घासलं म्हनून सांगू, आनि हे आनलं म्हनून सांगू."

"सांगनार कोन?"

"मी सांगते. तुमी निस्तं हुबं ऱ्हावा."

शिवलिंगप्पानं अडीच रुपये घेतले. आठ आणे कशाचे सोडले म्हणून सिदूनं विचारलं तर म्हणाला, "शिकवणीचे. आता मला बी कळलं, कुठलं रीळ कितीला विकायचं ते."

परतीच्या वाटेवर सिदू चार पावलं मागंच चालत राहिला. केराबाईच्या मनाला मात्र रीळ निवडल्याचं जेवढं समाधान होतं, तेवढीच साहेबासमोर उभं राहायची धास्ती होती. बोलायचं वाक्य तिनं दोन कोस घोकलं.

शनिवारी साहेब उशिरा आला आणि जेवून झोपला. रविवारी सकाळी तो बंगल्याच्या ओट्यावर चहा घेत असताना दोघं पेटी घेऊन समोर गेली. हरिबा दाराआड उभा होता. केराबाईनं पदर सावरला. घोकलेलं वाक्य तोंडाशी आणलं. आणि तेवढ्यात, तिच्या आधी, सिदू एक पाऊल पुढं झाला.

"सायब, तुमचं रीळ म्या घासलं. चिंचंनं. काळं दिसलं म्हनून. ते खराब झालं. चूक माजी हाय."

केराबाई बघतच राहिली. फटाक्याला उठून पळणारा तिचा नवरा, ओठ पांढरे पडलेले, पण उभा होता. तिनं तोंड उघडलं तर त्यानं मागं हात करून तिला गप्प राहायची खूण केली.

साहेबानं ते सोनेरी रीळ उचललं. फिरवलं. कर्रर्र. त्याचा चेहरा लाल झाला. मुन्शीकडून शिकलेल्या कडक मराठीत तो म्हणाला, "हे मी विलायतेहून आणले होते. बारा वर्षे माझ्याजवळ होते."

"व्हय सायब."

"आणि हे लहान कोठले?"

"बदली म्हनून आनलं, सायब. नव्या पेठंतनं."

साहेबानं जुनं रीळ परत पेटीत ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं सिदूला झालं. साहेबानं लहान रीळ काठीला लावलं, दोरी भरली, पिसांची माशी बांधली, आणि सिदूला मागं यायची खूण न करता एकटाच पाण्याकडं गेला.

दोघं बंधाऱ्यावरच्या लिंबाखाली थांबली. साहेब काठी मागं-पुढं झुलवत होता, दोरी हवेत लांब जाऊन पाण्यावर पडत होती. एकदा, दोनदा, दहादा. ऊन वर चढलं. केराबाईनं लिंबाच्या बुंध्याला हात टेकला. खाली ती दगडी खोली दिसत होती, दाराला कुलूप लावलेली. तिकडं न बघायचं तिनं ठरवलं होतं आणि तिकडंच बघत होती.

आणि पाण्यावर काहीतरी फुटलं. काठी वाकली. रीळ बोलू लागलं.

टिर्रर्रर्र. मासा मोठा होता. लव्हाळ्याकडं दोरी घेऊन सुटला होता. केराबाईनं डोळे मिटले. डोळ्यांना काय कळतंय? तिनं कान दिला. आवाज लांबत गेला, लांबत गेला. आता अडकंल, आता लंगडंल असं तिचं काळीज म्हणत होतं, पण आवाज सरळ होता. मासा थांबला. रीळही थांबलं, तिथल्या तिथं. मग साहेब गुंडाळायला लागला, टिकटिक टिकटिक. मासा पुन्हा सुटला, पुन्हा थांबला. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी टिकटिक बंद झाली तेव्हा सिदू "मरळ! मरळ!" असं ओरडत बंधारा उतरून धावला, जाळी लिंबाखालीच विसरून.

तिघं बंगल्याच्या ओट्यापाशी आली तेव्हा साहेब गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला होता. हाताएवढी मरळ सिदूच्या कवेत तडफडत होती. साहेब धापा टाकत होता. रीळ त्यानं डोळ्यांजवळ नेलं, एकदा फिरवलं.

"माझे जुने रीळ अशा वेळी नेहमी अडकत असे," तो म्हणाला. "मला वाटे माझा हात वाईट आहे. सिदू, हे कोणी निवडले?"

सिदू मरळ सावरत ऐटीत म्हणाला, "हिनं, सायब! कान लावून. सूत वडून. मी म्हनत हुतो मोठं घे, तर..."

साहेबानं केराबाईकडं बघितलं. मग तिच्या हातांकडं. चिंचेनं अजून पिवळी असलेली बोटं, राखेनं भेगाळलेली नखं. ती हात पदराखाली घ्यायला लागली, पण उशीर झाला होता.

"मग घासलेही हिनेच," साहेब म्हणाला.

सिदूची मान खाली गेली. मरळीनं तेवढ्यात त्याच्या तोंडावर शेपटी मारली. आणि साहेब हसला. असा हसला, की दाराआडचा हरिबा ओट्यावर येऊन उभा राहिला.

"सिदू, तू साहेबाशी खोटे बोललास."

"व्हय सायब."

"पुन्हा बोलू नकोस."

"न्हाय सायब."

"उद्या सकाळी कचेरीत ये. कागदावर अंगठा द्यायचा आहे. आणि खोलीची किल्ली हरिबाकडे आहे." पत्र्याच्या पेटीतलं सोनेरी रीळ काढून त्यानं केराबाईपुढं धरलं. "हे बाईंना. लोकर गुंडाळायला."

फटफटीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत कुणी जागचं हाललं नाही. मग कोंबडा बाभळीवरनं खाली उतरला. हरिबानं किल्ली आणून दिली, आणि दोघं त्या दगडी खोलीत शिरली. आत कोळ्यांची जाळी होती, एका कोपऱ्यात मोडकी खाट होती. केराबाईनं भिंतीला हात लावला. थंडगार होती, आणि हालत नव्हती.

सिदू उंबऱ्यावर बसला.

"तुमी का म्हनला, म्या घासलं म्हनून?" तिनं विचारलं.

"तुजा जीव किती, त्यात तू पोटुशी. सायब तुला बोलला असता तर मला आईकवलं नसतं."

"भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं." त्यानं पाय पुढं केले. "बग, आजून कापत्यात."

खरंच कापत होते. केराबाईला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू आलं. ती त्याच्यासमोर बसली, दोन्ही हातांनी तिनं त्याचे गुडघे दाबून धरले, आणि ते थांबेपर्यंत सोडले नाहीत.